साथीचें ऋण

थोरांच्या चरित्रांतून नीतीचे धडे काढण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कांहीं प्रश्न असे असतात कीं, ते थोरांच्या चरित्रांत सांपडतच नाहींत. ते त्यांच्या पाठीमागें, अंमळ अंधुक उजेडांत बसलेल्या माणसांपाशीं सांपडतात. ज्याचें काम उत्तम झालें असतां कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि बिघडलें असतां मात्र सर्वांच्या लक्षांत येतें, अशा माणसाचें आपण काय देणें लागतों? नीतिशास्त्राच्या वर्गांत पंचवीसांहून अधिक वर्षें कर्तव्याची मीमांसा करूनहि हा प्रश्न आमच्या मनांत कधीं उभा राहिला नव्हता. तो उभा राहिला गेल्या चैत्रांत, दुसरबीड येथें, आणि तोहि एका अमेरिकन चित्रपटामुळें.

दुसरबीड हें बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यांतलें आमचें मूळ गांव. जालन्याहून जिजाऊंच्या जन्मस्थानावरून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर तें लागतें. २०२२ च्या डिसेंबरांत समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा भाग खुला झाल्यापासून दूरच्या मोटारी या मुलखांतून पूर्वीपेक्षां अधिक वेगानें निघून जातात. पण सप्ताह मात्र जुन्याच गतीनें चालतो. हनुमानजयंतीच्या सप्ताहास आम्ही शक्यतों चुकत नाहीं. दुपारच्या उन्हांत पाराजवळचा मंडप ओस पडतो, कीर्तनकार विश्रांति घेत असतात, टाळकरी घरोघर पांगलेले असतात. तरीहि वीणा उभी असते. सात दिवस ती जमिनीला टेकवावयाची नाहीं, असा दंडक आहे. एकाच्या गळ्यांतून दुसऱ्याच्या गळ्यांत ती जाते, आणि ज्याच्या गळ्यांत ती असते त्यानें आपला पहारा संपेपर्यंत उभें राहून नाम घ्यावयाचें. आमचे थोरले चुलतबंधु गेलीं कित्येक वर्षें मध्यरात्रीनंतरचा पहारा आपणांकडे घेतात.

अशाच एका दुपारीं ओसरीवर बसलों असतां आमचा पुतण्या, जो सध्यां अभियांत्रिकीचें शिक्षण घेत आहे, आपल्या मोबाईलवर एक जुना चित्रपट पाहत होता. पाश्चात्त्य संगीताची त्याला गोडी आहे. मध्येंच त्यानें तो पडदा आमच्यापुढें धरला. सतार ऐकूं येत होती, तबला ऐकूं येत होता. "काका, सतारवाले समजले, तबलेवाले समजले," तो म्हणाला, "ह्या मागच्या बाई काय करून राहिल्या?"

आम्हीं सांगितलें कीं, त्या तंबोरा छेडीत आहेत.

"म्हणजे तसं काहीच नाही?"

यावर प्राध्यापकाच्या तोंडीं जें वाक्य यावयाचें तेंच आमच्या तोंडीं आलें. तंबोरा हा आपल्या संगीताचा पाया आहे, पाया दिसत नाहीं म्हणून तो नसतो असें नव्हे, इत्यादि. मुलानें तें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग त्यांचं नाव काय?"

आम्हांस तें सांगतां आलें नाहीं. सतार वाजविणाराचें नांव आम्हांस ठाऊक होतें, तबला वाजविणाराचें ठाऊक होतें. इतकेंच नव्हे, तर त्याच चित्रपटांत आपली गिटार पेटवून देणाऱ्या तरुणाचेंहि नांव ठाऊक होतें. जिला आम्हीं नुकतेंच पाया म्हटलें होतें, तिचें तेवढें ठाऊक नव्हतें.

तें नांव शोधून काढण्यास फार सायास पडले नाहींत, हें येथेंच सांगितलें पाहिजे. कारण तीं नांवें नोंदींत आहेत. नसतात तीं आपल्या तोंडीं. त्या बाई म्हणजे कमला चक्रवर्ती. मूळच्या तामिळ कुटुंबांतल्या. विख्यात गायिका लक्ष्मी शंकर यांच्या भगिनी. 'दाग' व 'सीमा' हे बोलपट मुंबईस दिग्दर्शित करणारे अमिय चक्रवर्ती यांच्या पत्नी. १९५७ सालीं त्यांना वैधव्य आलें. पुढें पंडित रविशंकर यांच्या परदेशांतील दौऱ्यांत अनेक वर्षें तंबोरा त्यांच्या हातीं असे. आणि या एका कारणामुळें, ज्या संगीताशीं त्यांचा स्वभावतः कांहींच संबंध नव्हता त्या रॉक संगीताच्या दोन जगप्रसिद्ध माहितीपटांत त्यांचें दर्शन कायमचें राहून गेलें.

पहिला चित्रपट डी. ए. पेनिबेकर यांचा 'मॉन्टेरे पॉप'. कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे या गांवीं १६ ते १८ जून १९६७ या तीन दिवसांत झालेल्या उत्सवाचें तें चित्रण असून, तें १९६८ च्या अखेरीस प्रकाशित झालें. या उत्सवांत इतरांनीं विनामूल्य कला सादर केली. मानधन मिळालें तें एकट्या रविशंकरांना, तीन हजार डॉलर. रविवारीं दुपारीं त्यांनीं सुमारें तीन तास वादन केलें. तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ होते. त्याच रात्रीं जिमी हेंड्रिक्स यानें आपल्या गिटारीला रंगमंचावर आग लावली. वाद्याला नमस्कार केल्यावांचून हात न लावणाऱ्या परंपरेंत वाढलेल्या रविशंकरांना ही गोष्ट अत्यंत क्लेशकारक वाटली, हें त्यांनीं पुढें सांगितलेंच आहे. पेनिबेकरांनीं मात्र जुळणी करतांना कालक्रम बाजूस ठेवला. अग्नीचा प्रसंग आधीं घेतला आणि चित्रपटाचा शेवट सतारीवर केला. एकोणऐंशी मिनिटांच्या या कृतींतील अखेरचीं सुमारें अठरा मिनिटें त्या वादनाला दिलेलीं आहेत. आरंभीं बराच वेळ वादक दिसतच नाहींत. दिसतात ते श्रोते: कोणी झोंपलेला, कोणी भटकणारा, कोणी डोळे मिटून बसलेला. मग बोटें दिसतात, सतार दिसते, तबल्यावरचे हात दिसतात. आणि या सर्वांमागें तंबोऱ्याच्या तारांवरून एकामागून एक फिरणारीं कमलाबाईंचीं बोटें, जीं चित्रपटाच्या परमोत्कर्षाच्या क्षणींहि आपली चाल वाढवीत नाहींत.

दुसरा चित्रपट 'द कॉन्सर्ट फॉर बांगलादेश'. पूर्व बंगालमधील निर्वासितांची दैना पाहून व्याकुळ झालेल्या रविशंकरांनीं जॉर्ज हॅरिसन यांस गळ घातली, आणि १ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें दोन जलसे झाले. दोन्ही मिळून सुमारें चाळीस हजार श्रोते आले, आणि तिकिटांच्या उत्पन्नांतून २,४३,४१८ डॉलर व वर कांहीं सेंट युनिसेफच्या स्वाधीन झाले. सॉल स्विमर यांनीं दिग्दर्शित केलेला त्याचा चित्रपट १९७२ सालीं निघाला. आरंभींच्या हिंदी संगीताच्या भागांत रविशंकर, सरोदवादक अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि कमलाबाई असे चौघे आहेत. या चौघांविषयीं बोलतांना रसिक जे शब्द वापरतात ते ऐकून घ्यावे: "सतार, सरोद व तबला यांची ती अपूर्व त्रिपुटी!" चौघांची त्रिपुटी होते ती अशी.

यांत चित्रपटकारांचा दोष थोडा आहे, आणि तो कोणता तें नीट पाहिलें पाहिजे. चलच्चित्र या नांवांतच त्याचा स्वभाव आहे. त्याला चलन हवें असतें. अल्लारखाँ जन्मानें जम्मूकडील. मुंबईस स्थायिक झालेले. एके काळीं ए. आर. कुरेशी या नांवानें त्यांनीं हिंदी बोलपटांना संगीतहि दिलें होतें. त्यांचे हात जेव्हां द्रुत लयींत धांवूं लागतात तेव्हां कॅमेऱ्यास तिकडे वळावेंच लागतें. तंबोऱ्याचें व्रत याच्या अगदीं उलट आहे. पहिली तार बहुधा पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या षड्जाच्या, शेवटची खर्जाची. त्या याच क्रमानें, एकाच वजनानें, गाणें विलंबित असो कीं द्रुत, छेडीत राहावयाच्या. ज्याला बदल टिपतां येतो त्या यंत्रानें, न बदलणें हेंच जिचें कर्तव्य तिच्याकडे किती वेळ पाहावें? डोळ्यांच्या माध्यमांत कानाच्या पायाची ही उपेक्षा जवळजवळ अटळ आहे.

पण न बदलणें म्हणजे कांहीं न करणें नव्हे. आपल्या मिरजेंत, जेथील सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें, तेथल्या कारागिराच्या दुकानांत क्षणभर बसल्यास ही गोष्ट कळून येते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा निवडून, वाळवून, कोरून त्याला गळा जोडतात. मग घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवीत सरकवीत जवारी लावतात. ती बरोबर लागली म्हणजे चमत्कार होतो. खर्जाची तार छेडली असतां तिच्या गुंजनांतून कोणींहि न छेडलेला गंधार आपोआप उमटूं लागतो. त्याला आपले गवई स्वयंभू गंधार म्हणतात. परंतु त्या स्वयंभू स्वराला प्रकट होण्यासहि कोणाचें तरी बोट लागतें. तें बोट फार जोरानें पडलें तर तो नाहींसा होतो, फार हलकें पडलें तरी नाहींसा होतो. स्वयंभू म्हणून ज्याचा आपण गौरव करतों, त्याच्यामागें कोणाचे तरी कष्ट असतात, ही गोष्ट संगीतापुरतीच खरी आहे असें नव्हे.

मॅडिसन स्क्वेअरमधील एक प्रसंग या दृष्टीनें विचार करण्याजोगा आहे. वादकांनीं आरंभीं आपलीं वाद्यें सुरांत मिळविलीं आणि ते थांबले. श्रोत्यांना वाटलें, एक चीज संपली. त्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनीं आभार मानून मिस्किलपणें सांगितलें कीं, जुळवाजुळवच इतकी आवडली असेल तर वादन त्याहून अधिक आवडेल अशी उमेद आहे. हा किस्सा आपल्याकडे पाश्चात्त्यांच्या अज्ञानाचें उदाहरण म्हणून सांगतात. आम्हींहि वर्गांत तो तसाच सांगून हंशा मिळविला आहे. आतां मात्र त्या हंशाची आम्हांस थोडी लाज वाटते. आपण जाणते श्रोते तानेला दाद देतों, तिहाईला देतों, समेला मान हलवितों. पण सगळीं वाद्यें एका षड्जावर येऊन विसावलीं, या मूळ घटनेला आपण आयुष्यांत कधीं टाळी वाजविली आहे काय? त्या अजाण श्रोत्यांनीं चुकून कां होईना, जेथें ऋण होतें तेथेंच तें फेडलें. वाद्यें सुरांत मिळविण्याचा आधार ज्या तंबोऱ्यांत असतो, त्याच्या वांट्याला आलेली ही बहुधा एकमेव टाळी असेल.

माया कुलकर्णी यांच्या नशिबीं तर तेवढेंहि आलें नाहीं. न्यू यॉर्क राज्यांतील बेथेल येथें भरलेल्या वुडस्टॉकच्या महोत्सवांत १५ ऑगस्ट १९६९ रोजीं रात्रीं रविशंकर वाजवावयास बसले, तेव्हां तंबोरा त्यांच्याकडे होता. पाऊस पडत होता. चिखलांत बसलेल्या त्या अफाट समुदायास पाहून रविशंकरांना आपल्याकडील डबक्यांत डुंबणाऱ्या म्हशींची आठवण झाली, असें त्यांनीं नमूद केलें आहे. दमट हवेंत तारा उतरूं पाहतात. अशा रात्रीं सूर सांभाळणें म्हणजे काय, हें ज्यानें पावसाळ्यांत तंबोरा लावला असेल तोच जाणे. १९७० मध्यें मायकेल वॉडले यांचा तीन तासांचा 'वुडस्टॉक' चित्रपट निघाला, त्याला ऑस्कर पारितोषिकहि मिळालें. पण त्यांत हें वादनच घेतलेलें नाहीं. कुलकर्णी हें घरचें वाटणारें नांव कलावंतांच्या यादींत वाचून मराठी माणूस क्षणभर थबकतो, आणि मग चित्रपटांत पाहूं जातो तों तेथें कांहीं नसतें.

येथें कोणी विचारील: यांत बिघडलें काय? निष्काम कर्माचा उपदेश करणाऱ्या देशांत नांवाची एवढी हांव कशाला? तंबोऱ्यामागें बसणारा आपणांस विसरतो, हेंच त्याचें मोठेपण. त्याचें नांव पुढें आणणें म्हणजे त्याच्या साधनेचा भंग करणें होय. हा आक्षेप वरवरचा नाहीं. गुरूच्या मागें तंबोरा धरून बसण्यांतच आपल्याकडे गवई घडत आले, आणि तेथें अहंकार गळून पडणें हा शिक्षणाचाच भाग होता. वेदान्ती तर एक पाऊल पुढें जाऊन म्हणेल कीं, तंबोरा हें अधिष्ठान आहे. रागाचे सारे आभास त्यावर भासतात आणि मावळतात. अधिष्ठानाला नांव कसलें?

दृष्टान्त सुंदर आहे, आणि धोका तेथेंच आहे. अधिष्ठानाच्या पाठीला रग लागत नाहीं. माणसाच्या लागते. तंबोऱ्याचा ध्वनि अधिष्ठान असूं शकेल. तो छेडणारी व्यक्ति अधिष्ठान नाहीं, ती एक बाई आहे. तिला परगांवीं थंडी वाजते, घरची आठवण येते, आणि चाळीस हजार लोकांपुढें तिचेंहि काळीज धडधडतें. कार्याचें तत्त्व उदात्त आहे म्हणून करणाऱ्याचें माणूसपण त्यांत विरघळवून टाकणें, ही तत्त्वज्ञानाच्या वेषांतली सोयीची चोरी आहे. मनुष्याला केवळ साधन म्हणून वापरूं नये, असें जें कान्टनें सांगितलें, त्यांतला 'केवळ' हा शब्द येथें महत्त्वाचा आहे. साथीदार साधन असतोच. पण तो तेवढाच आहे असें धरून चालणें हा अपराध आहे.

आणि निष्काम कर्माचें म्हणाल, तर तो उपदेश कोणी कोणास केला याकडे आपण सोयीस्करपणें डोळेझांक करतों. फळाची आशा धरूं नये असें कर्म करणाऱ्याला सांगितलें आहे. फळ खाणाऱ्यानें झाडास विसरावें असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. विनय हा प्रथम पुरुषाचा गुण आहे. 'माझें नांव नसलें तरी चालेल' असें म्हणण्याचा अधिकार ज्याचें नांव त्याला एकट्यालाच असतो. 'त्याचें नांव नसलें तरी चालेल, तो विनयी आहे' असें दुसऱ्यानें म्हणतांक्षणींच त्या गुणाचा दोष होतो. अनामिकता ज्यानें स्वीकारली त्याला ती शोभते, पण ज्यानें ती दुसऱ्यावर लादली तो ऋणकोच राहतो.

नांव घालणें अशक्य असतें, असेंहि नाहीं. बीटल्स मंडळीनें १९६६ मध्यें काढलेल्या 'रिव्हॉल्व्हर' या तबकडीच्या वेष्टनावर एका गीतांत तबला वाजविणाऱ्या अनिल भागवत यांचें नांव स्वच्छ छापलेलें आहे. पुढच्याच वर्षीं त्याच मंडळीची 'सार्जंट पेपर' ही तबकडी निघाली. तिच्या मुखपृष्ठावर पन्नासांहून अधिक नामांकितांचे चेहरे दाटीनें उभे आहेत. परंतु आंतील एका गीताला ज्यांनीं सगळा हिंदी साज चढविला त्या अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कंसारा व नटवर सोनी या वादकांना वेष्टनावर एक ओळहि मिळाली नाहीं. रसिकांपुढें तीं नांवें यावयास जवळजवळ अर्धें शतक जावें लागलें. एका वर्षीं जें सहज सुचलें तें दुसऱ्या वर्षीं राहून गेलें, एवढेंच. यांत दुष्टपणा नसतो. असतो तो केवळ विसर, आणि जगांतील पुष्कळसा अन्याय या निरुपद्रवी दिसणाऱ्या विसरानेंच होत असतो.

इतकें लिहून झाल्यावर येथें थांबतां आलें असतें, तर बरें झालें असतें. परंतु दुसऱ्याचा विसर ज्यानें मोजला त्यानें आपलाहि मोजावा, हा न्याय आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आमचा एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथ मोठा नव्हे. पण त्याच्या शेवटीं जोडलेल्या विषयसूचीची विद्वानांनीं तारीफ केली, आणि आजहि कोणी तो ग्रंथ चाळीत असेल तर त्या सूचीसाठींच चाळीत असावा. ती सूची आमच्या पत्नीनें केली. दोन हिंवाळे, रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यानंतर, एकेक शब्द एकेका चिठ्ठीवर उतरून, चिठ्ठ्या डब्यांत लावून. प्रस्तावनेंत आम्हीं प्राचार्यांचे, प्रकाशकांचे, ग्रंथपालांचे व मुद्रितें तपासणाऱ्या मित्राचे आभार मानले. तिचे मानले नाहींत. छापलेला ग्रंथ हातीं आल्यावर आम्हीं ओशाळून तसें बोलून दाखविलें, तेव्हां ती हंसून म्हणाली, "अहो, त्यांत माझं काय एवढं मोठं?" तें हंसणें आम्हीं क्षमापत्र म्हणून जपून ठेवलें, आणि त्याच्या आधारावर वीस वर्षें निश्चिंत राहिलों.

दुसरबीडहून परत आल्यावर आम्हीं तो विषय पुन्हां काढला. म्हणालों, "तूं त्या वेळीं तीनएक हजार चिठ्ठ्या तरी केल्या असशील."

"चार हजार एकशे बारा," ती म्हणाली, आणि भाजी निवडूं लागली.

ती संख्या तिनें वीस वर्षें मनांत ठेवली होती. तिनें ती कधीं सांगितली नाहीं, कारण आम्हीं कधीं विचारली नाहीं. साथ करणारा आपणांस विसरून जातो, या आमच्या सुंदर सिद्धान्ताचें काय होतें तें वाचकांनींच ठरवावें. विसरलों होतों ते आम्ही. तिचें मौन तिचें स्वतःचें होतें; त्याचा अर्थ मात्र परस्पर आम्हीं लावला होता.

आणखी एक शंका उरते, आणि ती आमच्या पुतण्यानेंच काढली. तंबोरा आतां यंत्रांत मिळतो. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनीं विजेवर चालणारा तंबोरा बाजारांत आणला, आणि आज तर तो प्रत्येकाच्या मोबाईलमध्यें आहे. यंत्राला जें करतां येतें त्यासाठीं माणसाचें नांव काय म्हणून घ्यावें? आम्हांस वाटतें, यंत्रानें येथें एक उपकारच केला आहे. ज्याला केवळ स्वर हवा होता, त्याला आतां माणसास साधन करण्याचें कारण उरलें नाहीं. एकट्यानें रियाझ करणाऱ्या गरीब विद्यार्थ्याची सोय झाली, हेंहि थोडें नव्हे. पण याच यंत्रामुळें, माणूस तेथें बसतो तेव्हां तो काय देतो, हेंहि स्पष्ट झालें. यंत्र स्वर देतें. तें ऐकत नाहीं. मागें बसलेला माणूस ऐकत असतो. दिव्यांच्या उष्णतेनें तार किंचित् उतरली तर तो ओळखतो, खुंटी हलकेच फिरवितो, पुढच्याचा श्वास कोठें अडला तें जाणतो. तो कलावंताचा सर्वांत जवळचा श्रोता असतो. आपलें ऐकणारा एक तरी जागा माणूस पाठीशीं आहे, या विश्वासावर किती थोरांचें थोरपण उभें असतें, याची गणना कोण करील? जॉर्ज इलियट या विदुषीनें 'मिड्लमार्च' या आपल्या कादंबरीचा शेवट, जगाचें बरें ज्यांच्यामुळें होतें त्या अज्ञात आयुष्यांच्या स्मरणानें केला आहे. आम्ही तें पान कित्येक वेळां गहिंवरून शिकविलें. घरीं येऊन चहा मात्र मुकाट्यानें घेतला.

आतां पुन्हां सप्ताहाकडे वळूं. चित्रपट पाहिला त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं, म्हणून दोनच्या सुमारास मंडपाकडे गेलों. एक दिवा जळत होता. चार-दोन माणसें कडेला घोंगडीवर निजलीं होतीं. चुलतबंधु वीणा घेऊन उभे होते. आम्हीं हळूच विचारलें, "दादा, कंटाळा येत नाहीं?" ते म्हणाले, "कटाळा कशाचा? ईना उभी राह्यते. मी नुसता तिले धरून राह्यतो." प्रथम पुरुषांतला विनय तो हाच. इतक्यांत पुढच्या पहाऱ्याचा माणूस आला. त्यानें आधीं वीणेला हात जोडले, मग दादांच्या पायांवर डोकें ठेवलें. दादांनींहि वांकून त्याचे पाय शिवले, आणि मग वीणा या गळ्यांतून त्या गळ्यांत गेली. पाहणारें कोणी नव्हतें.

या रिवाजांत आम्हांस आपल्या प्रश्नाचें उत्तर दिसतें. वीणेकरी राग वाजवीत नाहीं, कीर्तन करीत नाहीं, अभंगाचा अर्थ सांगत नाहीं. तो केवळ एक स्वर आणि एक नाम तुटूं देत नाहीं. सप्ताहांत कीर्तनकार येतात आणि जातात, त्यांचीं नांवें फलकावर मोठ्या अक्षरांत लागतात. पण मंडपांत पाऊल टाकणारा प्रत्येक जण, मग तो कीर्तनकार असो वा गांवचा पाटील, प्रथम वीणेकऱ्याच्या पायां पडतो आणि मग आपल्या जागीं जातो. ज्यांनीं ही चाल पाडली त्यांनीं कृतज्ञता मनाच्या लहरीवर सोंपविली नाहीं. मन विसरतें, हें त्यांना ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं ती पायांच्या वाटेंतच आणून ठेवली, कीं ती ओलांडल्यावांचून आंत जातांच येऊं नये.

आपल्या सुशिक्षित व्यवहारांत अशी वाट आपणच पाडावयाची आहे. चित्रपटाच्या नामावळींत, तबकडीच्या वेष्टनावर, ग्रंथाच्या प्रस्तावनेंत, जलशाच्या निवेदनांत, आणि त्याहून अधिक, घराच्या चार भिंतींत. साथ करणाऱ्यानें मागितलें नाहीं म्हणून ऋण फिटत नाहीं. न मागितलेलें ऋण उलट अधिक जड असतें, कारण त्याची आठवण ठेवण्याचें काम सर्वस्वीं ऋणकोकडे येतें. आमच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति निघण्याचा संभव नाहीं. महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतील व घरांतील प्रतींच्या प्रस्तावनेखालीं आम्हीं शाईनें एक ओळ लिहिली आहे. तींत तिचें नांव आहे, आणि चार हजार एकशे बारा ही संख्या आहे. वीस वर्षांच्या व्याजापुढें ही रक्कम क्षुल्लक आहे, हें आम्ही जाणतों.

पुतण्याला आम्हीं कमला चक्रवर्ती हें नांव कळविलें. त्यानें लगेच उलट विचारलें कीं, तो तंबोरा कोणी बनविला होता? आम्ही अद्याप शोध करीत आहोंत.